रिळं उलटी नव्हती

मागच्या अंकात अकिरा कुरोसावाच्या 'इकिरू'वर मी जेमतेम दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या. १९५२चा जपानी सिनेमा. वातानाबे नावाचा नगरपालिकेतला एक विभागप्रमुख तीस वर्षं कागदांवर शिक्के मारण्यात घालवतो, पोटाचा कॅन्सर झाल्याचं त्याला कळतं आणि उरलेल्या महिन्यांत तो सांडपाण्यानं तुंबलेल्या एका जागेवर मुलांसाठी बाग करवून घेतो. गोष्ट एवढीच. पण त्यावर टपालानं आणि मेलवर मिळून इतकी पत्रं आली, की या खेपेला दुसरा विषय घ्यायची सोयच उरली नाही. बहुतेकांनी 'अस्तित्ववाद' हा शब्द वापरलाय आणि त्यातल्या निम्म्यांनी तो चुकीचा वापरलाय. या निम्म्यांत माझे दोन जुने विद्यार्थीही आहेत, म्हणजे थोडी चूक माझ्याही पदरात घ्यायला हवी.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. नोट्समध्ये 'अस्तित्व हे सत्त्वाच्या आधी असते' असं वाक्य आहे. पाठ झालंय, पण कळलेलं नाही. सिनेमा बघून कळेल का? आणि अस्तित्ववादी सिनेमा ओळखायचा कसा?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

पाठ झालंय ना, मग मार्कांची काळजी मिटली. आता निवांत समजून घेऊ.

हे वाक्य शिकवायचं असलं की मी पर्समध्ये आजीचा अडकित्ता घालून कॉलेजात जायचे. पितळी, मोराच्या घाटाचा, खिळा जरा ढिला झालेला. तो पहिल्या बाकावर द्यायचा आणि वर्गभर फिरू द्यायचा. मग विचारायचं, हा घडवण्याआधी कारागिराच्या डोक्यात काय होतं? सुपारी कातरायची, हे होतं. म्हणजे अडकित्त्याचं 'कशासाठी', म्हणजेच त्याचं सत्त्व, आधी ठरलं आणि अडकित्ता मागनं आला. हे वाक्य ज्याचं, त्या फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रनं २९ ऑक्टोबर १९४५ला पॅरिसमध्ये जे गाजलेलं व्याख्यान दिलं, त्यात त्यानं कागद कापायच्या सुरीचं उदाहरण घेतलं होतं. आमच्या सांगलीत कागद कापायला वेगळी सुरी कोण ठेवतो? म्हणून अडकित्ता.

आता माणूस घे. सार्त्र देव मानत नाही, म्हणजे आपल्याला मनात योजून घडवणारा कुणी कारागीर नाही. माणूस आधी या जगात येऊन पडतो, आणि मग जे जे करत जातो त्यावरून तो कोण हे ठरतं. अस्तित्व आधी, सत्त्व मागाहून. सार्त्रच्या अस्तित्ववादाचा गाभा तो हाच. यातला झोंबणारा भाग असा, की 'मी मुळात फार धाडसी आहे हो, पण संधीच मिळाली नाही' या बोलण्याला त्याच्याकडे जागा नाही. केलं तेवढं तुझं. मनात राहिलेलं खात्यावर जमा होत नाही.

एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरात अडकित्त्यानं बदाम फोडतात." वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, अडकित्त्यानं काही ठरवलेलं नाही, ठरवलं ते तिच्या घरच्यांनी. तास तिथंच संपवला तरी चाललं असतं.

सिनेमाचं म्हणशील, तर कादंबरीकाराला पात्राच्या मनात हवं तेव्हा शिरता येतं. कॅमेऱ्याला ती मुभा नाही. त्याला माणूस दिसतो तो बाहेरून : उठला, दार उघडलं, थबकला, परत फिरला. मनातलं निवेदन वरून ऐकवता येतं, पण ती कादंबरीकडून केलेली उसनवारी. सार्त्र माणसाला त्याच्या कृतींवरून मोजतो आणि कॅमेऱ्यालाही तेवढंच दिसतं. या दोघांचं जुळतं ते इथं. तेव्हा पात्रं काय बोलतात त्यावरून सिनेमा अस्तित्ववादी ठरवू नकोस. पावसात सिगारेट ओढत 'सगळं व्यर्थ आहे' म्हणणारा नायक पुष्कळदा नुसता कंटाळलेला असतो. (साठोत्तरी साहित्यावरच्या चर्चांत आमच्या पिढीनं हा शब्द इतका स्वस्त केला होता, की दाढी वाढवून टपरीवर बसणारा प्रत्येक जण अस्तित्ववादी ठरायचा.) पात्रासमोर दोन रस्ते आहेत, कुणी सांगणारं नाही आणि दिग्दर्शक घाई करत नाही, अशी जागा सापडली की तिथं डोळे उघडे ठेवून बघ.

परीक्षेत किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञाला विसरू नकोस. १८१३ ते १८५५. तो पक्का ख्रिस्ती होता आणि तरी या घराण्याचा मूळपुरुष मानला जातो. 'अस्तित्ववादी म्हणजे नास्तिक' असं लिहिलंस तर मी तरी मार्क कापीन.

प्रश्न : मॅडम, तुम्ही लिहिल्यावर 'इकिरू' मिळवून पाहिला. मी महसूल खात्यात अव्वल कारकून आहे, २६ वर्षं झाली. सिनेमा चांगला असेल, पण आम्हा लोकांना हिणवणारा वाटला. आणि कॅन्सर झाल्याशिवाय माणसाला जगण्याचा अर्थ कळत नाही असं म्हणायचं असेल, तर धडधाकट माणसानं काय करायचं?
— एक वाचक, सांगोला

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना स्वतःची जुनी टिपणवही काढून बसले. ३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची पंधरा त्याच पिवळ्या पडलेल्या कागदांवरून. वर सांगितलेला अडकित्त्याचा खेळही दरवर्षी त्याच जागी, त्याच आवाजात. तेव्हा हिणवलं असेल तर दोघांनाही हिणवलंय.

पण सुरुवातीचं एक दृश्य पुन्हा लावून बघा. वातानाबेला शिक्का पुसायला कागद हवा असतो. तो ड्रॉवर उघडतो, जुन्या कागदांच्या चळतीतून एक बाड काढतो, वरचं पान टरकावतो, शिक्का पुसतो आणि टोपलीत टाकतो. ते बाड कसलं असतं? कार्यालयाचा कारभार कसा सुधारता येईल यावरचा प्रस्ताव, त्यानं स्वतः कधीकाळी लिहिलेला. कुरोसावा यावर एक शब्द बोलत नाही. ज्याला कारकुनाला हिणवायचंय तो ते बाड ड्रॉवरमध्ये ठेवणार नाही. हा माणूस एकेकाळी जिवंत होता एवढं दाखवायला ते ठेवलंय.

सार्त्रच्या १९४३च्या मोठ्या ग्रंथात कॅफेतल्या एका वेटरचं वर्णन आहे. त्याची चाल नको तितकी चपळ, गिऱ्हाइकापुढं वाकणं नको तितकं तत्पर, ट्रे तोलणंसुद्धा जरा जास्तच सफाईचं. तो वेटर असण्याचं नाटक वठवतोय. सार्त्र याला जे म्हणतो त्याला मी मराठीत 'आत्मवंचना' म्हणते. वेटर असण्यात खोट काहीच नाही. 'मी म्हणजे फक्त हा हुद्दा, यापलीकडं माझ्या हातात काय आहे' असं स्वतःला पटवत राहणं, ही खोट. सिनेमातल्या त्या बायका सांडपाण्याची तक्रार घेऊन येतात आणि या टेबलावरून त्या टेबलावर, आरोग्यातून बांधकामात, बांधकामातून आणखी कुठं, अशा फिरत फिरत पहिल्याच खिडकीशी परत येतात. त्यांना हाकलणारा एकही माणूस दुष्ट नाही. 'हे आमच्याकडं येत नाही' हे वाक्य जो तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो. तुमच्या कचेरीत हे वाक्य किती वेळा ऐकू येतं ते मी विचारत नाही. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात रोज ऐकू यायचं.

आता कॅन्सरचं. आजार कळल्यामुळं वातानाबे बदलतो असं आपण पटकन म्हणून जातो, पण नीट बघितलं तर तसं होत नाही. कळल्यावर तो काय करतो? बँकेतून पैसे काढून एका लेखकाबरोबर रात्रभर दारूचे गुत्ते आणि नाचघरं पालथी घालतो. जमत नाही. मग कचेरीतल्या तोयो नावाच्या तरुण मुलीच्या मागं लागतो, तिच्या हसण्याखिदळण्यातून थोडा जीव आपल्यात येईल म्हणून. तेही जमत नाही, ती वैतागते. बदल होतो तो एका हॉटेलात. तोयोनं नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात काम धरलेलं असतं. ती किल्लीचा ससा टेबलावर ठेवते, तो टुणटुण उड्या मारत पुढं येतो, आणि ती म्हणते, हे बनवताना मला जपानमधल्या प्रत्येक बाळाशी ओळख झाल्यासारखं वाटतं. बस. म्हातारा ससा हातात घेऊन जिना उतरत सुटतो. त्याच जिन्यावर पोरं-पोरी 'हॅपी बर्थडे' म्हणत असतात, कुणा दुसऱ्याच मुलीसाठी, आणि वाटतं मात्र त्याच्यासाठी चाललंय.

आणि मग तो जातो कुठं? दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर, तोच शिक्का घेऊन. राजीनामा देत नाही, यात्रेला जात नाही. त्या बायकांचा अर्ज ढिगातून वर काढतो, एवढंच. पुढं कुणी अपमान केला, तुला राग येत नाही का असं विचारलं, तर म्हणतो, माणसांचा राग धरायला मला वेळ नाही. आजारानं त्याच्याकडून 'नंतर बघू' हा शब्द तेवढा काढून घेतला. अर्थ काही कॅन्सरनं आणून दिला नाही, तो अर्ज आधीपासून टेबलावर होताच.

धडधाकट माणसानं काय करायचं, हे मी सांगलीत बसून सांगोल्याच्या टेबलाबद्दल कसं सांगू? पण तुम्ही पत्रात, विषयाला सोडून, एका म्हातारीच्या वारसनोंदीबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि मग त्या खोडल्यात. खोडलेलं वाचायची मला पेपर तपासून तपासून सवय आहे.

प्रश्न : फ्रेंच लेखक आल्बेर कामू अस्तित्ववादी होता की नव्हता? आमच्या ग्रुपमध्ये दोन हजारांची पैज लागलीय. निकाल तुम्ही द्यायचा.
— पाच मित्र, पुणे

'नव्हता' म्हणणाऱ्याला पैसे द्या. १९४५मध्ये एका मुलाखतीत खुद्द कामूनंच सांगितलंय, की मी अस्तित्ववादी नाही. 'होता' म्हणणाऱ्याला बाकीच्यांनी चहा पाजावा, कारण कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, कामू त्याच प्रकरणात सापडतो. फरक एका वाक्यात हवा असेल तर : जगाला आयता अर्थ नाही तेव्हा तो तूच घडव, यावर सार्त्रचा भर. कामूचं म्हणणं असं, की माणूस अर्थ मागत राहणार आणि जग गप्प राहणार, आणि ही ओढाताण कुठल्याही युक्तीनं मिटवू नकोस, तिच्यासकट जग. १९५२मध्ये, म्हणजे 'इकिरू' आला त्याच साली, दोघांचं कायमचं बिनसलं. पैज दोन हजारांची नव्हती एवढंच.

प्रश्न : 'उंबरठा' पुन्हा पाहिला. सुलभा लहान मुलीला मागं ठेवून नोकरीसाठी परगावी जाते. सासूबाई म्हणाल्या, स्वार्थी आहे. मी म्हटलं, स्वतंत्र आहे. त्यावरून दोन दिवस अबोला होता. अस्तित्ववाद म्हणजे मनाला येईल तसं वागणं असेल, तर सासूबाईंचं बरोबर नाही का?
— एक वाचक, नाशिक

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सिनेमा त्यांना लागला म्हणून त्या भांडल्या. नुसतं 'छान आहे' म्हणून उठून जाणाऱ्यांपेक्षा हे बरं.

सार्त्रच्या त्याच १९४५च्या व्याख्यानात त्याच्या एका विद्यार्थ्याची हकिगत आहे. १९४०च्या जर्मन हल्ल्यात थोरला भाऊ मारला गेलेला, वडिलांचं आईशी पटत नाही, आईला आधार काय तो याचा एकट्याचा. याला मात्र इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात दाखल व्हायचंय. तो विचारायला आला, काय करू? सार्त्रनं उत्तर दिलं, तू मोकळा आहेस, निवड. वर्गात हे सांगितलं की मुली चिडायच्या, हे काय उत्तर झालं? पण नीट बघा. 'मनाला येईल तसं वाग' असं तो म्हणत नाही. आईकडं राहिलास तरी आणि गेलास तरी, निवड तुझी आणि तिचा भार तुझा, धर्मग्रंथ, गुरुजी किंवा सार्त्र यांच्यावर तो ढकलता येणार नाही, असं तो म्हणतो. मनाला येईल तसं वागणाऱ्याच्या खांद्यावर असा भार नसतो.

जब्बार पटेलांच्या या सिनेमात (१९८२, पटकथा विजय तेंडुलकरांची) सुलभाच्या खांद्यावर तो शेवटपर्यंत दिसतो. स्मिता पाटीलनं तो संवादांपेक्षा मानेनं आणि पाठीनं दाखवलाय. महिलाश्रमात तिला जे करायचंय ते करू दिलं जात नाही, म्हणजे बाहेरही यश नाही. घरी परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. मग ती पुन्हा बाहेर पडते. पहिल्यांदा निघाली तेव्हा पुढं नोकरी होती आणि मागं घर. दुसऱ्यांदा दोन्ही नाहीत. सिनेमा तिला शाबासकी देत नाही आणि दोषही देत नाही, म्हणूनच तर तुमच्या घरात अबोला झाला.

यात सार्त्रपेक्षा सिमोन द बोव्हार ही फ्रेंच लेखिका जास्त कामाला येते. १९४९च्या 'द सेकंड सेक्स'मध्ये ती म्हणते, बाई म्हणून कुणी जन्माला येत नाही, बाई घडत जाते. स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं आहे हे बोलायला सोपं, पण कुणाच्या वाटेत उंबरठा आहे आणि कुणाच्या नाही, हेही बघायला लागतं. नवरा नोकरीसाठी परगावी गेला तर त्याला आपण बदली म्हणतो. बायको गेली की तिनं घर सोडलेलं असतं. सासूबाईंना हे वाचून दाखवा, आणि त्यांच्या तरुणपणी त्यांना कुठं जायचं होतं तेही विचारा. उत्तर मला कळवलं नाहीत तरी चालेल.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट टाकून घरी आलाय. रात्रभर असले सिनेमे बघतो, दिवसा झोपतो, जेवण निम्म्यावर आलंय. 'कशालाच अर्थ नाही' म्हणतो. त्याला उमेद येईल असा सिनेमा सुचवा.
— एक आई, लातूर

ताई, सिनेमा सुचवत नाही. झोप उलटी झाली, भूक गेली, शिक्षण सुटलं, हे तत्त्वज्ञान नव्हे, दुखणं असू शकतं, आणि त्याला औषध असतं. मी तत्त्वज्ञानाची बाई आहे, डॉक्टर नाही. या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञाकडं घेऊन जा. तो येत नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्यासारखं तो काही बोलला असेल तर आठवडाही थांबू नका, आजच जा आणि त्याला एकटं सोडू नका. तोवर 'असले सिनेमे बघतोस म्हणून असं झालं' हे वाक्य घरात नको. रात्री त्याच्याशेजारी बसून अर्धा तास तोच सिनेमा बघितलात, काही न विचारता, तरी पुष्कळ झालं. पुढं काय झालं ते मात्र मला जरूर कळवा.

प्रश्न : बाई, मी आपला विद्यार्थी नाही. पण १९८४च्या डिसेंबरात मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये आपल्या फिल्म क्लबनं 'इकिरू' दाखवला, तेव्हा "रिळं उलटी लावलीत!" म्हणून ओरडलो तो मी. नंतर चिडून उठून गेलो, शेवटची एसटीही गाठायची होती. आता सत्तरी आली. खरं सांगा, उलटी होती का?
— एक वाचक, इचलकरंजी

म्हणजे ते तुम्ही! चाळीस वर्षं मी एका निरपराध स्टेशनरीवाल्यावर संशय घेत होते.

नव्हती हो उलटी. सोळा मिलिमीटरची चार रिळं पत्र्याच्या पेटीतून आली होती. मशिन आमच्या फिजिक्स लॅबचे असिस्टंट चालवायचे. दुसरं रीळ संपलं तेव्हा नायक कामाला लागलेला होता, आता बाग होणार म्हणून सगळे सरसावून बसलेले. तिसरं लावलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर नायकाचा फोटो, त्याच्यापुढं सुतकी चेहऱ्यानं बसलेली माणसं. पाच महिन्यांनी तो वारला, असं निवेदक सांगून मोकळा. तेवढ्यात तुमची आरोळी. खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. मी मशिन थांबवायला लावलं, टॉर्च मारून डबा बघितला. तीनच नंबर होता.

किर्केगार्दनं १८४३मध्ये आपल्या टिपणवहीत लिहून ठेवलंय, की आयुष्य उमजतं मागं वळून, पण जगायला लागतं पुढं तोंड करून. कुरोसावानं तिसऱ्या-चौथ्या रिळात नेमका याचाच घोळ घातलाय. मेलेल्याच्या घरी सहकारी साके पीत बसलेत. प्रत्येकाला त्याचा एकेक तुकडा आठवतो. कुणी सांगतं, गुंडांनी धमकावलं तर हसला. कुणी सांगतं, पुलावर उभा राहून सूर्यास्त बघत म्हणाला, तीस वर्षांत बघितलाच नव्हता, पण आता वेळ नाही. तुकडे जोडत जोडत, वाद घालत, दारू चढत चढत त्यांना तो माणूस उमजतो. सगळे रडतात, आपणही असंच काम करायचं अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते, नवा साहेब, नवी तक्रार, आणि अर्ज दुसऱ्या टेबलाकडं रवाना. एकच जण ताडकन उठून उभा राहतो. सगळे त्याच्याकडं बघतात. तो हळूहळू खाली बसतो आणि कागदांच्या ढिगामागं दिसेनासा होतो. मागचं उमजलं सगळ्यांना, पुढं जगायची वेळ आली तेव्हा कुणीच नाही. सरळ ओळीनं सांगितला असता तर आपण बाग झाली म्हणून टाळ्या वाजवून घरी गेलो असतो.

तुमचं नुकसान मात्र झालंय. त्या घरी उशिरा एक पोलीस येतो, वातानाबेची टोपी परत द्यायला. आदल्या रात्री बर्फ पडत असताना त्यानं या म्हाताऱ्याला बागेत झोपाळ्यावर बघितलेलं असतं. दारू प्यायलाय समजून त्यानं हटकलं नाही, याचा त्याला सल आहे. मग ते दृश्य येतं. म्हातारा झोके घेत एक जुनं गाणं म्हणतोय, आयुष्य थोडं आहे, पोरींनो, प्रेम करून घ्या, अशा अर्थाचं. तेच गाणं त्यानं आधी बारमध्ये म्हटलेलं असतं, तेव्हा आजूबाजूची माणसं घाबरून बाजूला सरकतात. बारमधलं दुसऱ्या रिळात होतं, ते तुम्ही ऐकलंत. झोपाळ्यावरचं चौथ्यात.

आता घरबसल्या बघता येईल, एसटी गाठायची नाही. त्या वर्षीची वर्गणी मात्र परत मागू नका, तिचा मशिनचा बल्ब घेतला होता.